एक ना धड, भाराभर चिंध्या

ज्यांना ऐकायला सवड मिळाली नाही, किंवा ज्यांचे इअरफोन एसटीत राहिले, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना शंभर वेळा येणारं 'म्हणजे' आणि 'तर' थोडं छाटलंय. बाकी बोललो तसंच आहे.

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण ऐकली नाही असा मराठी पोरगा किंवा पोरगी सापडणं कठीण. चित्र काढता काढता गिटार हातात घेतली, गिटार ठेवून व्हिडिओ एडिटिंग शिकायला लागलात, मध्येच मातीचे गणपती करून पाहिले, की घरातलं कुणीतरी हे वाक्य फेकतंच. आपल्या कारंज्यात त्याला वऱ्हाडी फोडणी मिळते: 'अरे, एक कायतरी धर नं बाप्पा!' बोलणाऱ्याचं चुकतं असंही नाही. त्याला पोराच्या भाकरीची काळजी असते.

आज मी तुम्हाला ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे, त्याला ही म्हण किती जणांनी ऐकवली असेल याचा हिशोबच नको. साल १९१०, माणूस चाळिशीचा. त्याचा बायोडेटा बघा. चित्रकला शिकला. फोटोग्राफी शिकला. फोटोंचा धंदा टाकला, तो बसला. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. रंगमंचावर जादूचे प्रयोग केले. सरकारी नोकरी लागली, ती सोडली. छापखाना काढला, नावारूपाला आणला आणि भागीदाराशी मतभेद झाले म्हणून त्यातूनही पुढे बाहेर पडला. घरात बायको आणि मुलं. हातात काय, तर काही नाही.

आजच्या भाषेत, लग्नाच्या बाजारात या माणसाचं स्थळ कुणी पुढे पाठवलं नसतं.

नाव धुंडिराज गोविंद फाळके. हो, तेच, दादासाहेब फाळके. 'भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक' हे आपण शाळेत एका मार्कासाठी पाठ केलं आणि सोडून दिलं. त्या एका ओळीमागची जी चाळीस वर्षं आहेत, त्यातली खरी मजा तिथेच राहून गेली.

त्र्यंबकहून बडोद्याला

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७०चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. घराची वाट ठरलेली होती: वेद, व्याकरण, पूजाअर्चा. पुढे वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवण्याचं काम मिळालं आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ साली पंधरा वर्षांचा धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. शास्त्रीबुवांच्या मुलाने रंगाचा ब्रश हातात धरला, इथूनच 'भरकटणं' सुरू झालं म्हणा.

तिथून भावाकडे बडोद्याला. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८९०च्या सुमारास कलाभवन नावाची संस्था उभी राहत होती आणि तिचे प्रमुख होते त्रिभुवनदास गज्जर. गज्जर मूळचे रसायनशास्त्रातले. म्हणजे कलेची शाळा चालवतोय कोण, तर केमिस्ट्रीचा माणूस. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कारण त्या कलाभवनात चित्र आणि रसायन, शिल्प आणि यंत्र, यांच्यामध्ये भिंत नव्हती. फाळके तिथे तैलचित्रं आणि जलरंग शिकले. शेजारी वास्तुकला दिसली, तीही शिकले. मूर्ती घडवायला शिकले. एक कॅमेरा घेतला आणि फोटो काढणं, धुणं, छापणं यात घुसले. १८९२मध्ये अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांनी एका आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती ठेवली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. चित्रकाराला पदक मिळालं, तेही थिएटरच्या इमारतीसाठी!

गज्जरांनी या मुलाला 'एक काहीतरी धर' असं सांगितलं नाही. उलट तीनरंगी ठसे बनवायचं तंत्र शिकायला रतलामला पाठवलं, आणि परत आल्यावर कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायची मुभा दिली. असा एक माणूस आयुष्यात भेटणं हे नशीब असतं. फाळक्यांच्या गोष्टीतला हा भाग आपण सहसा गाळतो, आणि सगळं श्रेय त्यांच्या जिद्दीला देऊन मोकळे होतो.

तीनरंगी ठसा म्हणजे काय

इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

समजा तुमच्याकडे एक रंगीत चित्र आहे: साडी हिरवी, ओठ लाल, आकाश निळं. हे छापायचं कसं? प्रत्येक छटेची वेगळी शाई वापरायची म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून चित्राचे फोटो वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून घेतात आणि त्याचे तीन भाग पाडतात. एकात फक्त पिवळं, एकात फक्त लाल, एकात फक्त निळं. तीन ठसे तयार होतात. मग कागदावर एकावर एक तिन्ही छापायचे, एका केसाचाही फरक न होऊ देता. हिरवी शाई तुम्ही कुठेच वापरलेली नसते. तरी साडी हिरवी दिसते. ती हिरवी कोण करतं? बघणाऱ्याचा डोळा.

आता सिनेमा आठवा. पडद्यावर हलणारं असं काहीच नसतं. एकामागून एक स्थिर फोटो पडतात आणि चाल तयार करतो तो आपला डोळा. तुकडे करा, क्रमाने मांडा, बाकीचं डोळ्यावर सोडा. रतलामला जो माणूस तीन ठसे जुळवायला शिकला, त्याच्या हाताला ही गोष्ट सिनेमा बघायच्या कितीतरी वर्षं आधी कळलेली होती. फक्त तेव्हा ती सिनेमासाठी आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नव्हतं.

प्रोफेसर केल्फा

१८९५च्या सुमारास फाळके गुजरातमध्ये गोध्र्याला जाऊन फोटोग्राफर म्हणून बसले. धंदा जमत होता. आणि मग प्लेग आला. १९००च्या आसपास त्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले.

यावर फार बोलायला नको. तिसाव्या वर्षी एक माणूस रिकाम्या घरातून उठतो आणि बडोद्याला परत येतो, एवढंच लक्षात ठेवू.

बडोद्यात पुन्हा फोटोंचं दुकान टाकलं तर ते चालेना. लोकांत अफवा होती की कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटतं. त्यामुळे कुणी खुर्चीवर बसायला तयार नाही. फाळके मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला लागले. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ. पडदे रंगवता रंगवता विंगेत उभं राहून नाटक बघितलं, कंपनी कशी चालते ते बघितलं, छोट्या भूमिकाही केल्या.

त्याच काळात बडोद्याला एक जर्मन जादूगार आला. फाळके त्याच्याकडून जादू शिकले. आणि नुसते शिकून थांबले नाहीत, स्टेजवर उभे राहिले. नाव घेतलं 'प्रोफेसर केल्फा'. 'फाळके'ची अक्षरं उलटी वाचा म्हणजे उलगडा होईल.

आता तुम्ही त्यांचे काका आहात असं समजा. विधुर पुतण्या, धंदा बुडालेला, वय तीस-एकतीस, आणि तो काळा कोट घालून टोपीतून वस्तू काढतोय. तुम्ही काय म्हणाल? मीही तेच म्हटलं असतं.

पण जादूगाराला एक गोष्ट येते जी चित्रकाराला येत नाही. समोरचा माणूस कुठल्या क्षणी कुठे बघणार, हे त्याला आधीच माहीत असतं. डाव्या हाताकडे सगळे बघत असताना उजवा हात काम उरकतो. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही, ते समोर बसलेल्या दोनशे डोळ्यांकडूनच शिकावं लागतं.

या वाटेवर फाळके एकटे नव्हते. तिकडे पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा माणूस होता, फाळक्यांपेक्षा आठेक वर्षांनी मोठा. तो जादूचं थिएटर चालवायचा, व्यंगचित्रं काढायचा, देखावे रंगवायचा. त्याने १९०२मध्ये चंद्रावरच्या सफरीचा सिनेमा केला, ज्यात रॉकेट चंद्राच्या डोळ्यात घुसतं. ते चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. आणि आपल्याच कोल्हापुरात थोडं पुढे बाबूराव पेंटर झाले. तेही नाटकाचे पडदे रंगवत होते. रंगवता रंगवता सिनेमाच्या पडद्याची ओढ लागली, कॅमेरा परवडेना म्हणून स्वतःच तयार केला, आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' काढला. मराठीत दोन्हीला आपण 'पडदा'च म्हणतो. नाटकाचाही पडदा आणि सिनेमाचाही पडदा. ती वाट किती जवळची होती, हे भाषेला ठाऊक होतं.

कारंज्याच्या पोथीतला राजपुत्र

एका माणसाने इतक्या कला शिकणं हा फाळक्यांचा काही विक्षिप्तपणा नव्हता. आपल्याकडे ही कल्पना फार जुनी आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या गावातून जातो. म्हणून थोडं आडवळण.

कारंज्यातली जैन मंदिरं आणि त्यांची ग्रंथभांडारं आपल्याला माहीत असतात, निदान बाहेरून. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ अशा तीन परंपरांची मंदिरं इथे आहेत आणि शेकडो वर्षं इथे हस्तलिखितं जपली गेली. १९३०च्या दशकात 'कारंजा जैन ग्रंथमाला' या नावाने काही जुने अपभ्रंश ग्रंथ छापून निघाले. अपभ्रंश म्हणजे संस्कृत-प्राकृत आणि आपल्या आजच्या भाषा यांच्या मधल्या काळातली भाषा. 'णायकुमारचरिउ' हा ग्रंथ १९३३मध्ये आला. संपादक होते हीरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक. मूळ कवी पुष्पदंत, दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीतला.

गोष्ट नागकुमार नावाच्या राजपुत्राची. लहानपणी तो विहिरीत पडतो. तिथला नाग त्याला सांभाळतो, आणि पुढे तोच नाग त्याला नाना विद्या आणि कला शिकवतो. बघा हं, राजपुत्राला फक्त तलवार शिकवून भागत नाही. कवीच्या दृष्टीने नायक पुरा व्हायचा असेल तर त्याला सगळंच थोडंथोडं यायला हवं.

म्हणजे हजार वर्षांपूर्वी ज्याला गुण म्हणून मिरवलं, त्याला आपण चिंध्या म्हणायला लागलो. मध्ये काय झालं? माझा अंदाज असा की नोकरी आली. नोकरीच्या अर्जात एकच रकाना असतो. नागकुमार राजपुत्र होता, त्याला अर्ज करायचा नव्हता. फाळक्यांना मात्र करावा लागला.

नोकरी, छापखाना, आणि पुन्हा रस्त्यावर

१९०२मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं लग्नानंतरचं नाव सरस्वती. हे नाव लक्षात ठेवा, यांच्याशिवाय पुढची गोष्ट घडत नाही. १९०३मध्ये फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली. जुन्या वास्तूंचे फोटो काढायचे, रेखाटनं करायची. स्थिर पगार. पण ते स्वदेशीच्या वाऱ्याचे दिवस होते, नोकरी सुटली, आणि लोणावळ्यात छापखाना निघाला.

तिथे त्यांनी राजा रविवर्म्याच्या प्रेसचं काम केलं. तुमच्या आजीच्या देवघरात कमळातली लक्ष्मी किंवा दगडावर बसलेली सरस्वती असेल, तर ती बहुतेक याच चित्रांच्या कुळातली. रविवर्म्याने देवांना चेहरे दिले आणि छापखान्याने ते घराघरांत पोचवले. फाळके त्या दगडी छपाईच्या कामात होते. देव कसा उभा राहिला की लोक हात जोडतात, दागिना कुठे चमकला पाहिजे, साडीची घडी कशी पडली पाहिजे, हे रोज डोळ्यांखालून जात होतं.

पुढे छापखाना मुंबईला दादरला आला, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' असं नाव झालं, १९०९मध्ये फाळके यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. काम उत्तम. भागीदाराशी मात्र जमलं नाही, आणि ते सगळं तिथेच सोडून बाहेर पडले.

इथे येऊन आपण पुन्हा त्या बायोडेटापाशी पोचतो.

ख्रिस्त पडद्यावर, कृष्ण डोक्यात

१९१०-११च्या सुमारास गिरगावातल्या एका चित्रपटगृहात फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि त्यांच्या डोक्यात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. आपले देव असे पडद्यावर कधी येणार?

त्यानंतरचं वर्ष हे खरं वेडाचं. मिळेल तो सिनेमा बघायचा. एक छोटं यंत्र आणि फिल्मचे तुकडे आणून रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रं पाडून बघत बसायचं. झोप नाही, डोळ्यांना विसावा नाही. व्हायचं तेच झालं: डोळे इतके बिघडले की दिसणंच जवळजवळ बंद झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, पण पुढे वेगवेगळे चष्मे आळीपाळीने लावून काम करावं लागलं.

नुसतं कुतूहल म्हटलं की आपल्याला ते गोंडस वाटतं. इथे डोळे पणाला लागले होते. घरातल्या वस्तू विकल्या गेल्या, विम्याच्या पॉलिस्या गहाण पडल्या. फेब्रुवारी १९१२मध्ये या पैशातून ते बोटीने लंडनला गेले. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले. त्या भल्या माणसाने आधी सांगितलं, या भानगडीत पडू नका. मग यांचा हट्ट पाहून सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओची ओळख करून दिली. तिथे सगळं बघून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र ठरवून, फाळके एप्रिलमध्ये परत.

आता भांडवल हवं. कोण देणार? तेव्हा फाळक्यांनी सरळ भाषण न देता एक कुंडी घेतली. त्यात वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला आणि दिवसांमागून दिवस ठरावीक वेळाने थोड्या थोड्या फ्रेम घेत राहिले. महिनाभरात वेल वाढला. पट्टी यंत्रातून फिरवली तर काही क्षणांत बी फुटतंय, कोंब वर येतोय, पानं उघडताहेत. 'अंकुराची वाढ'. आज तुमच्या फोनमध्ये टाइमलॅप्स नावाचं बटण आहे, दाबलं की झालं. १९१२मध्ये दादरच्या घरात हे बघून पैसेवाल्यांचे डोळे विस्फारले आणि कर्ज मिळालं.

मला त्या कुंडीत जादूगार दिसतो. लोकांना काय सांगायचं त्यापेक्षा काय दाखवायचं हे त्याला कळत होतं.

सगळ्या चिंध्या एका गोधडीत

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. सिनेमाची लांबी सुमारे ३७०० फूट. करायला सहा-सात महिने लागले. आता मागचा बायोडेटा पुन्हा घ्या आणि एकेक ओळ या सिनेमात शोधा.

राजवाड्याचे पडदे कुणी रंगवले? नाटकाचे पडदे रंगवलेला माणूस घरातच होता. सुरुवातीला राजा आपल्या मुलाला धनुर्विद्या शिकवतोय, बाजूला राणी, मागे लवाजमा. ती चौकट बघा, ते रविवर्म्याचं चित्रच उभं राहिलंय असं वाटतं. फिल्म धुणं, सुकवणं, छापणं हे सगळं घरी, कारण गोध्र्यापासून ती रसायनं हाताखालून गेलेली. नट कुठून आणायचे? नाटकवाल्यांशी ओळख होतीच. हरिश्चंद्र झालेले दत्तात्रय दाबके तिथलेच. तारामतीसाठी मात्र कुणी बाई तयार होईना. सिनेमात काम करणं तेव्हा फार हलकं मानलं जायचं. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण सापडला. आणि देव अचानक प्रकट होतो, दिसेनासा होतो, ज्वाळांतून आकृती उभ्या राहतात, हे सगळं प्रोफेसर केल्फांच्या खात्यावर.

फाळक्यांनी स्वतःही हा हिशोब मांडला होता. १९१७च्या सुमारास 'नवयुग' मासिकात त्यांनी आपल्या धंद्याबद्दल लेख लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की चित्रकला, वास्तुकला, फोटोग्राफी, नाटक, जादू या सिनेमाला लागणाऱ्या सगळ्याच कला आपण आधी शिकलेल्या होत्या, म्हणून यश येईल अशी खात्री होती.

एक खातं मात्र त्या यादीत येत नाही. ते सरस्वतीबाईंचं. कच्च्या फिल्मला भोकं पाडायची ती अंधारात, रात्री जागून. ते त्यांनी केलं. रसायनं त्यांनी कालवली. शूटिंगच्या वेळी उजेड परतवायला उन्हात पांढरी चादर धरून त्या उभ्या राहिल्या. आणि युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाकही त्यांनी केला. नवरा दहा वाटांनी धुंडाळत फिरला, कारण एक माणूस घर धरून होता आणि शिवाय फिल्मही धरून होता. कलाकाराचं कुतूहल आपण त्याच्या एकट्याच्या नावावर लिहितो, पण त्याचा हप्ता बऱ्याचदा दुसरंच कुणी भरत असतं. त्या काळात हा हप्ता बहुतेक बायकांनीच भरला.

आणि आणखी एक. हा सिनेमा पडला असता तर? तर मी आज हा भाग केला नसता. चाळीस वर्षांच्या माणसाच्या त्या सगळ्या वाटा आपल्याला आज एका ठिकाणी जाताना दिसतात, कारण आपण शेवटाकडून मागे बघतोय. तेव्हा उभं राहून पुढे बघणाऱ्याला तिथे नुसतं रान होतं. त्यामुळे 'भरकटा म्हणजे तुम्हीही फाळके व्हाल' असं मी सांगणार नाही. तसं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत.

एक फरक मात्र मला दिसतो. फाळक्यांचं लक्ष जिथे जिथे गेलं, तिथे त्यांचा हात गेला. जादूचा खेळ पाहिला तर जादू शिकले आणि लोकांसमोर करून दाखवली. छापील चित्र आवडलं तर ठसा कोरायला गेले. आपलं लक्षही दिवसात शंभर ठिकाणी जातं, त्यांच्यापेक्षा जास्तच. पण एका रीलवर कुणीतरी चाकावर मडकं घडवत असतं, आपण 'वा!' म्हणतो, आणि अंगठा वर सरकतो. हाताला मातीच लागत नाही. चित्त दोघांचंही विचलित झालं, पण ते दोन वेगळे प्रकार आहेत.

सिनेमात आल्यावरही

सिनेमा सापडला आणि मग हा गृहस्थ एका जागी बसला, असं वाटत असेल तर नाही. १९१३मध्येच त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. पौराणिक सिनेमे चालू होते आणि मध्ये मध्ये हे नुसती मौज म्हणून छोट्या फिल्म करत होते. 'आगकाड्यांची मौज' नावाची एक, त्यात काड्यापेटीतल्या काड्याच हलतात, आकार घेतात. प्रत्येक काडी बोटाने थोडी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. नाण्यांच्या करामतीची एक फिल्म. प्रोफेसर केल्फांची जादूही कॅमेऱ्यासमोर आली. या फिल्मांनी फार पैसा दिला असेल असं नाही. पण काडी सरकवता येणाऱ्याला मारुतीची शेपटी वाढवणं जड जात नाही. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये मारुती उडाला, आणि त्यातला राम आणि सीता हे दोन्ही होते अण्णा साळुंके. १९१९च्या 'कालियामर्दन'मध्ये फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. त्या सिनेमाच्या सुरुवातीला ती आधी स्वतःच्या वेषात, नुसत्या चेहऱ्याने, हसू, राग, भीती अशा भावना करून दाखवते, आणि मग कृष्ण होते. जादूगार आधी रिकामी टोपी दाखवतो, तसंच.

हीच ओढ त्यांना नडलीसुद्धा. १९१८मध्ये भांडवलदारांबरोबर 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' झाली, वाद झाले, आणि फाळके भरभराटीच्या काळात सगळं सोडून काशीला गेले. गंमत बघा, काशीत ढुंढिराज गणपतीचं देऊळ प्रसिद्ध आहे, आणि 'ढुंढ' म्हणजे शोधणं. धुंडिराज धुंडिराजाकडे गेले! तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. ते आलं आणि पडलं. परत नाशिकला, त्याच कंपनीत. तोवर दुसरी माणसं पुढे गेली होती. १९३१मध्ये 'आलम आरा' आला, सिनेमा बोलायला लागला. फाळक्यांनी १९३७मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' हा एकच बोलपट दिग्दर्शित केला. १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांनी सुरू केलेला धंदा फार मोठा झाला होता आणि ते त्यात नव्हते.

'रंगभूमी' लिहायला गेले नसते तर? कंपनीत टिकून राहिले असते तर? मला वाटतं, जो माणूस गोध्र्याला टिकला नाही, पुरातत्त्व खात्यात टिकला नाही, लक्ष्मी आर्टमध्ये टिकला नाही, त्याच्याकडून हे मागणं बरोबर नाही. टिकला असता तर तो छापखान्याचा चांगला मालक झाला असता. सिनेमा दुसऱ्या कुणीतरी केला असता, आणि कदाचित तो वेगळा असता.

जाता जाता एक काम देतो. फाळक्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' नावाची एक छोटी फिल्म केली होती. लोकांना ही जादू आतून कशी असते ते दाखवायला. जादूगार सहसा आपली युक्ती सांगत नाही, यांनी तिच्यावर सिनेमाच काढला. तिचे काही तुकडे शिल्लक आहेत आणि इंटरनेटवर शोधलं तर सापडतात. आवाज नाही, चित्र फाटकं, ओरखडे भरपूर. त्यात स्वतः फाळके दिसतात: नटांना सांगताहेत, आणि मग हातात फिल्मची पट्टी घेऊन ती उजेडासमोर धरून बघताहेत.

पुढच्या भागात भेटू.